आठ महिने वापरल्यावर: लोकल फायबर, न बदलणारा आयपी आणि मेनूच्या तळाशी लपलेलं एक बटण

स्पीडबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. शंभरचा प्लॅन आहे, वायफायवर नव्वदच्या आसपास मिळतो. महिना पाचशे अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. सहा महिन्यांचे एकदम भरले म्हणून बसवणावळ आणि ओएनयूचा डबा (फायबरच्या टोकाला लागणारा राऊटर) फुकट. एवढंच सांगायचं असतं तर नोव्हेंबरमध्येच चार ओळी खरडून मोकळा झालो असतो. आता लिहायला बसलोय ते गेल्या आठवड्यात केबलवाल्याच्या ऑफिसात जाऊन मी जो आवाज चढवला आणि घरी येऊन जे कळलं, त्यामुळे.

सुरुवात फेब्रुवारीत झाली. गुगलवर काहीही शोधायला गेलं की ‘मी रोबोट नाही’वर टिक करा, मग सिग्नल असलेले चौकोन निवडा, मग झेब्रा क्रॉसिंग, मग बस. सिग्नलच्या खांबाचा कोपरा शेजारच्या चौकोनात डोकावत असेल तर तो धरायचा की सोडायचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आधी वाटलं लॅपटॉपमध्ये काही शिरलंय. पण हिच्या मोबाइलवरही तेच. एकदा डिंकाच्या लाडवांचं प्रमाण शोधताना तिसऱ्यांदा बस निवडायला लागली तेव्हा ती म्हणाली, “अहो, हे आपल्यालाच का विचारतंय रोज? आपण काय केलंय?” त्याच आठवड्यात एका सरकारी साइटनं सांगितलं की तुमच्या पत्त्यावरून फार विनंत्या येताहेत, नंतर या. मोबाइलचा डेटा चालू केला तर तीच साइट मुकाट उघडली. म्हणजे खोट घरच्या आयपीत, इंटरनेटवरच्या आमच्या पत्त्यात होती.

ऑफिसातला मित्र म्हणाला, “राऊटर दहा मिनिटं बंद ठेव, आयपी बदलतो.” हा सल्ला चुकीचा नाही, जुना आहे. बीएसएनएलच्या फोनलाइनवरचं ब्रॉडबँड होतं तेव्हा मोडेम बंद-चालू केला की नवा आयपी यायचा. मी दहा मिनिटं ठेवला, अर्धा तास ठेवला, एकदा रात्रभर ठेवला. ‘माझा आयपी काय’ असं विचारलं की तोच १०३नं सुरू होणारा पत्ता. कधीमधी शेवटचा आकडा बदलायचा, बस निवडणं काही चुकायचं नाही.

मग शिरलो राऊटरच्या पानात. लॉगिन डब्याच्या खालच्या स्टिकरवर, इतक्या बारीक अक्षरात की फोटो काढून मोठा करून वाचावं लागतं. इथे बहुतेक जण करतात तीच चूक मी केली. ‘लॅन’ नावाच्या पानावर ‘आयपी ॲड्रेस’ असं ठसठशीत लिहिलेलं आणि समोर १९२.१६८.१.१. म्हटलं, हाच तो! १९२.१६८.५.१ केला, ‘अप्लाय’ दाबलं. ‘चेंज सेटिंग सक्सेसफुली’ असं मोडक्या इंग्रजीतलं अभिनंदन आलं आणि पुढच्या क्लिकला पानच उघडेना. प्रिंटर गप्प. नेट बंद. मी घाबरून प्लग काढला, परत लावला, आणि सगळं पूर्ववत! १९२.१६८.१.१ परत जागेवर. तेव्हा देवाची कृपा म्हणून सोडून दिलं. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९२.१६८ हा घरातल्या घरातला पत्ता. खोल्यांचे नंबर बदलले म्हणून पोस्टमनला घर वेगळं दिसत नाही. बाहेरचा पत्ता ‘स्टेटस’मध्ये ‘वॅन’च्या ओळीत दिसतो. तिथे माझ्याकडे काय होतं? १००.७२. पुढचं जाऊ द्या. आणि बाहेरच्या साइटवर दिसत होता १०३चा. दोन पत्ते, एकमेकांशी संबंध नाही.

तिथेच सगळं कोडं सुटतं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली खास राखून ठेवलाय, इंटरनेट कंपनीनं स्वतःच्या जाळ्यात गिऱ्हाइकांना वाटायला. असे आतले पत्ते वाटून अनेकांना बाहेर एकाच पत्त्यावर नेण्याच्या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे आमच्या गल्लीसारख्या कितीतरी गल्ल्या आत १००च्या पत्त्यांवर, आणि बाहेर पडताना सगळ्यांच्या अंगावर १०३चा एकच सदरा. त्यातल्या एखाद्याच्या मोबाइलमध्ये काही घाण शिरली, कुणी पोरानं काही उद्योग केले, की बस निवडायला आमची ही. राऊटर बंद-चालू केला की माझा १००.७२ चा १००.८१ होत होता, सदरा तोच. वाड्यात खोली बदलावी आणि दरवाजावरची पाटी तीच राहावी, तसं.

केबलवाल्याचा राग आला होता, पण थोडं वाचल्यावर तो उतरला. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते जगात सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याला शेवटचा गठ्ठा आला तो १०३चा. त्यातून नव्या कंपनीला मिळणारे जास्तीत जास्त १,०२४, आणि २०१९ पासून ५१२. लहान कंपन्यांचे पत्ते १०३नं का सुरू होतात ते तेव्हा कळलं. पाचशे पत्ते आणि हजारो घरं असली तर माणूस करणार काय?

केबलवाल्याच्या ऑफिसात विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, “काका, स्टॅटिक घ्या ना, फक्त तुमचा ठरलेला आयपी. वर्षाला पंधराशे प्लस जीएसटी.” म्हणजे १,७७०. म्हणजे तीन महिन्यांचं बिल. बस निवडायची नाही म्हणून! मी म्हटलं विचार करतो, आणि घरी येऊन विचार केला नाही. स्टॅटिक घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. घरात सर्व्हर चालवत असाल, ऑफिसच्या सिस्टिमला ठरलेलाच आयपी लागत असेल तर घ्या. पण पार्किंगच्या कॅमेऱ्यासाठी घ्यायला सांगणारे आहेत त्यांना सांगतो, हल्लीचे कॅमेरे क्यूआर स्कॅन करून कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतात. माझा चालतो, सीजीनॅटच्या आतून, फुकट. आणि सीजीनॅटमध्ये असाल तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून थेट घरातल्या यंत्रापर्यंत वाट उघडण्याच्या) व्हिडिओंवर एक मिनिटही घालवू नका. दरवाजा तुमच्या घराचा उघडाल, वाड्याचं फाटक बंदच राहणार.

इथपर्यंत मी दोन स्टार देणार होतो. मे महिन्यात मत बदललं.

झालं असं, की वॅनच्या पानावर पीपीपीओईच्या (कनेक्शनच्या लॉगिनच्या) युजरनेमच्या वर एक यादी आहे, त्यात तीन पर्याय: आयपीव्ही४, आयपीव्ही६, आणि दोन्ही. बसवणाऱ्यानं पहिलं ठेवलेलं. मी ऑफिसातल्या त्या मुलाला फोन केला, आपल्याकडे सिक्स, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपीव्ही६ पत्ते, आहे का? तो म्हणाला, आहे की, टाकून बघा. ‘दोन्ही’ निवडलं, अप्लाय दाबलं. पुन्हा ‘चेंज सेटिंग सक्सेसफुली’. नेट जाऊन अर्ध्या मिनिटात परत आलं आणि ‘माझा आयपी काय’ला २४०१ पासून सुरू होणारा लांबलचक पत्ता. माझा, सदरा वाटून न घेतलेला. या पद्धतीत एका घराला जो तुकडा मिळतो, त्यातच जुन्या सगळ्या इंटरनेटपेक्षा जास्त पत्ते असतात.

गुगलची बस त्याच संध्याकाळी बंद झाली. हिला मुद्दाम काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी तीच म्हणाली, “आज विचारलं नाही हो त्यानं.” मला आयपी बदलायचाच नव्हता, वेगळा हवा होता, आणि तो फुकटात मिळाला. ती सरकारी साइट मात्र अजून जुन्याच पद्धतीवर आहे, तिच्यासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट. पण साडेचार स्टार मनात पक्के झाले होते.

जूनच्या सुरुवातीला वीज-वाऱ्यासकट पाऊस आला आणि लाईट पाच तास गेली. दुसऱ्या दिवसापासून बस परत! पत्ता बघितला, १०३. मी ऑफिसला फोन केला, तुम्ही सिक्स बंद केलंत. तो म्हणतो नाही. तीन आठवडे हेच. राऊटर बंद-चालू करा काका. केला. काही नाही. मग गेलो प्रत्यक्ष. स्टॅटिक विकायला मुद्दाम बंद केलंत, इथपर्यंत बोललो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही माझ्याकडे बघायला लागली. मालक शांतपणे म्हणाले, “साहेब, बंद असतं तर सगळ्यांचंच बंद असतं.” आणि मुलानं स्वतःचा मोबाइल तिथल्या वायफायवर उघडून दाखवला. २४०१.

घरी आलो, वॅनचं पान उघडलं. यादीत आयपीव्ही४. मी निवडलेलं ‘दोन्ही’ गायब. तेव्हा मार्चमधला लॅनचा प्रसंग आठवला. तिथेही प्लग काढल्यावर माझा बदल पुसला गेला होता!

मेनूत सगळ्यात शेवटी ‘ॲडमिन’, त्याच्या आत ‘कमिट/रीबूट’ नावाचं पान. आठ महिन्यांत मी तिथे गेलोच नव्हतो, रीबूट करायला प्लग आहे की हाताशी. तर या डब्यात ‘अप्लाय’ म्हणजे फक्त तात्पुरतं. लाईट असेपर्यंत. कायमचं हवं असेल तर वेगळं जाऊन ‘कमिट’ दाबायचं. हे त्या पानावर एका ओळीत लिहिलंय, पण ‘सक्सेसफुली’ म्हणताना सांगायला काय झालं होतं? बँकेत पैसे भरल्यावर शिक्का मारलेली पावती द्यायची आणि संध्याकाळी म्हणायचं, पलीकडच्या खिडकीवर सही राहिली म्हणून जमा नाहीत, असला प्रकार आहे हा. ज्यानं हे बनवलं त्याच्या घरची लाईट जात नसावी.

मग मेपासून जूनपर्यंत कसं टिकलं, असं विचाराल. तो माझाच शहाणपणा. एप्रिलमध्ये लाईट जा-ये करते म्हणून राऊटरचा छोटा यूपीएस घेतला होता, १,१५० रुपयांचा. अर्धा-पाऊण तास तो डबा जिवंत ठेवायचा, त्यामुळे बदल पुसला जात नव्हता. पाच तासांत तोही झोपला. १,७७० वाचवले म्हणून मी जी कॉलर ताठ करत होतो त्यातले १,१५० यूपीएसमध्ये गेले, हे हिनं लगेच जोडून दाखवलं. (यूपीएस वाया नाही, मीटिंग तुटत नाही. पण ते वेगळं.)

कमिट दाबलं, डबा पुन्हा सुरू व्हायला अडीच मिनिटं लागली. मग मुद्दाम प्लग काढून अर्धा तास ठेवला. परत लावला, २४०१. आता डब्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर ‘कमिट’ असं मार्करनं लिहून ठेवलंय.

तुमचाही मेनू असाच असेल, डावीकडून स्टेटस, लॅन, वॅन आणि शेवटी ॲडमिन, तर काहीही बदललं की आधी तिथे जा. आणि आयपी बदलण्याच्या मागे लागण्याआधी वॅनची ओळ बघा. तिथला पत्ता आणि बाहेरचा पत्ता एकच असेल तर बंद-चालूनं काम होण्याची शक्यता आहे. १००.६४ ते १००.१२७ च्या आतला असेल तर रात्रभर प्लग काढून काही होणार नाही. मॅक ॲड्रेस (राऊटरचा कारखान्यात ठरलेला नंबर) बदलून बघायलाही काही व्हिडिओ सांगतात. मी त्या वाटेला गेलो नाही, कारण आमच्या इथे अकाउंट मॅकला बांधलेलं असतं. बदलला की लॉगिनच बंद, मग परत त्या मुलालाच फोन.

कनेक्शनला चार. डब्याला दोन, आणि तेही अभिनंदनाच्या संदेशामुळे दीड करणार होतो.

काल ऑफिसात गेलो होतो, मागच्या बोलण्याबद्दल सॉरी म्हणायला. मालकांनी चहा मागवला. पुढचं रिन्यूअल करायचंच आहे, तर उठता उठता विचारलं, जुन्या गिऱ्हाइकाला काही कमी होतं का. मुलगा म्हणाला, “बघतो काका.”