हिमालयातील मोहिमेसाठी कोणती पद्धत? एव्हरेस्ट, डेनाली आणि आल्प्स यांची तुलना

महाराष्ट्रातील गिर्यारोहण संस्थांच्या बैठकीत पर्यावरणाचा विषय निघाला की पहिली सूचना बहुधा स्वच्छता मोहिमेची येते, कारण गडकोटांवर हेच काम आपल्या अंगवळणी पडलेले आहे. गडावर ते योग्यही आहे. पण पाच-सहा हजार मीटरांच्या वर, जिथे थंडीमुळे काहीच कुजत नाही आणि टाकलेली वस्तू एका हंगामात बर्फाखाली गडप होते, तिथे मागाहून उचलण्यावर विसंबता येत नाही. म्हणून हिमालयात मोहीम नेणाऱ्या संस्थेने जगात रुळलेल्या तीन पद्धती नीट पाहाव्यात. माझ्या मते त्या एकाच निकषावर तोलायला हव्यात: घाण करणाऱ्यालाच ती खाली आणावी लागते का, आणि त्याने ती आणली की नाही हे कोण तपासते?

एव्हरेस्टच्या बाजूला, खुंबू खोऱ्यात, 1991 मध्ये स्थानिक शेर्पा समाजाच्या पुढाकाराने सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती उभी राहिली. बेस कॅम्पवरील कचऱ्यावर देखरेख ठेवणे आणि खुंबू हिमप्रपातातून शिड्या व दोर लावून वाट तयार करणाऱ्या शेर्पांची व्यवस्था पाहणे, ही दोन्ही कामे याच समितीकडे आहेत. 2014 मध्ये नेपाळ सरकारने नियम केला की बेस कॅम्पच्या वर चढणाऱ्या प्रत्येकाने किमान 8 किलो कचरा खाली आणावा, तरच मोहिमेने भरलेली 4,000 डॉलरची अनामत परत मिळेल. या नियमातील उणीव वजनात होती. कचरा किती आणला हे काट्यावर कळत होते, कुठून आणला हे कळत नव्हते. त्यामुळे खालच्या कॅम्पवरचे डबे आणि बाटल्या भरून 8 किलो पुरे होत, आणि साउथ कोलवर, म्हणजे शिखराखालच्या खिंडीतील शेवटच्या कॅम्पवर, बर्फात गोठलेला फाटका तंबू तिथेच राहू शकत होता. शिवाय ओझे बहुतेक वेळा पगारी शेर्पांच्याच पाठीवर येत होते. नियमाला पाच वर्षे झाल्यावर, 2019 मध्ये, सरकारने काढलेल्या सफाई मोहिमेत सुमारे 11 टन कचरा निघाला. 2024 पासून स्थानिक पालिकेने प्रत्येक आरोहकाला विष्ठेसाठी पिशव्या घेणे आणि त्या खाली आणणे बंधनकारक केले. हे पाऊल मला अनामत रकमेपेक्षा कितीतरी अधिक मोलाचे वाटते.

अलास्कातील 6,190 मीटर उंचीच्या डेनालीवर नेमकी हीच पद्धत बऱ्याच आधीपासून रुजली आहे. तिथला राष्ट्रीय उद्यान विभाग प्रत्येक चमूला चढाईपूर्वी दंडगोलाकार प्लास्टिकचे डबे देतो. डबा साधारण एक किलोचा असतो. आत पिशवी बसवायची, लघवी त्यात जाऊ द्यायची नाही, तिच्यासाठी कॅम्पवर खूण केलेली वेगळी जागा वापरायची, आणि झाकणावरचे पट्टे आवळून डबा सॅकला किंवा स्लेजला बांधायचा. एक डबा दहा-बारा वेळा पुरतो, आणि परतल्यावर तो रेंजरकडे जमा करावा लागतो. पूर्वी विष्ठा हिमभेगेत, म्हणजे हिमनदीला पडलेल्या खोल भेगेत, टाकून देण्याची रीत होती. हिमनदीच्या पोटात गेलेली वस्तू नष्ट होत नाही; हिमनदी सरकत राहते आणि काही दशकांनी तीच घाण खाली वितळत्या बर्फाबरोबर पृष्ठभागावर येते, हे कळल्यावर 2018 पासून 14,200 फुटांवरील कॅम्पच्या खालची सगळी विष्ठा डोंगरावरून उतरवणे सक्तीचे झाले. फक्त त्या कॅम्पच्या वरच्या टप्प्यातील विष्ठेसाठी एक ठरलेली हिमभेग ठेवली आहे. बर्फ वितळवून पाणी पिणाऱ्या आरोहकाला या नियमाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागेल. डेनालीवर जाणारे बहुतेक सगळे टॉकीट्ना या एकाच गावातून विमानाने जातात, म्हणून तपासणी सोपी होते. हिमाचल वा उत्तराखंडच्या शिखरांवर जाण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि डबा जमा करून घेणारे कोणी नाही.

आल्प्समधील पद्धत वेगळ्या जातीची आहे. 1862 मध्ये स्थापन झालेला ऑस्ट्रियन अल्पाइन क्लब डोंगरातील निवारे चालवतो आणि हजारो किलोमीटर पायवाटांची निगा राखतो. वाट धड असली की माणसे गवतावरून नवी वाट पाडत नाहीत आणि धूप थांबते. 1918 मध्ये आल्बर्ट विर्थ या दात्याने ग्रोसग्लोकनर शिखराभोवतीची सुमारे 40 चौरस किलोमीटर जमीन, ती नैसर्गिक स्थितीत राहावी या अटीवर क्लबला दिली, आणि तीच पुढे होहे टाउअर्न राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात आली. हे काम मला मनापासून आदरणीय वाटते, पण ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या संघटनेचे आहे. पुढच्या मे महिन्यात निघणाऱ्या चमूला त्यातून लगेच उचलण्यासारखे फारसे नाही.

म्हणून शिखर मोहिमेसाठी डेनालीची पद्धत घ्यावी आणि तपासणीची जी व्यवस्था आपल्याकडे नाही, ती संस्थेनेच उभी करावी. ती न उभारण्याची किंमत काय असते, हे उत्तराखंडातील नंदादेवीने दाखवले आहे: पर्यावरणाच्या हानीमुळे तिथले अभयारण्य 1983 पासून गिर्यारोहकांना बंद झाले, आणि 1993 मध्ये सैन्याच्या अभियंता दलाची मोहीम आत गेली तेव्हा जुना कचरा खाली आणणे हाही तिच्या कामाचा भाग होता. जे केवळ एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करणार आहेत, त्यांनी वेगळी योजना आखत बसू नये. ट्रेकच्या वाटेवरील नामचे गावाहून लुक्लाच्या विमानतळापर्यंत एक किलो कचऱ्याची पिशवी नेण्याचा तिथला उपक्रम आहे, त्यात प्रत्येकाने सहभागी व्हावे.

चमूसाठी व्यवहार असा ठेवता येईल. शिध्याची वेष्टने घरीच काढून ठेवावीत. प्रत्येकाला क्रमांक घातलेल्या पिशव्या द्याव्यात आणि नोंदवही मोहीमप्रमुखाकडे न ठेवता दुसऱ्या सदस्याकडे सोपवावी, म्हणजे शिखराच्या घाईत तपासणी मागे पडणार नाही. आपली पिशवी ज्याची त्याने बेस कॅम्पपर्यंत आणावी. तिथून खाली पोर्टर नेणार असतील तर त्या ओझ्याची मजुरी आधीच वेगळी ठरवावी. खाली आल्यावर विष्ठेची विल्हेवाट कुठे लावायची, हेही निघण्यापूर्वी रस्त्याच्या टोकाच्या गावातील लोकांशी बोलून पक्के करावे, नाहीतर डोंगरावरची घाण त्यांच्या ओढ्यात जाईल. आणि बेस कॅम्प उठवताना नोंदवहीतील प्रत्येक क्रमांक जुळल्याशिवाय खेचरांवर सामान चढवू नये.