अ‍ॅम्पसाठी वेगळी लाइन: खरा फरक अर्थिंगने पडला

दिवाळीच्या आधी हॉलमधल्या अ‍ॅम्पसाठी (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी) डीबीतून, म्हणजे घरातल्या वीजवाटपाच्या मुख्य बोर्डातून, स्वतंत्र लाइन ओढून घेतली. मध्ये अख्खा उन्हाळा गेला, आता पाऊस लागलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. चार स्क्वेअरची (चार चौरस मिलीमीटरची) वायर, सोळा अँपिअरची एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) वगैरे सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतो. मला बोलायचंय ते अर्थिंगबद्दल, म्हणजे उपकरणाची बॉडी जमिनीशी जोडण्याबद्दल. त्याची चौकशी कोणी करत नाही, आणि माझ्या घरी सगळं दुखणं तिथेच निघालं.

आमची इमारत कोथरूडमधली, १९८०च्या दशकातली. कन्सील पाइपात जुन्या बारीक वायरी. गाणं थांबवून नुसता आवाज वाढवला की स्पीकरमधून घरघर यायची. दुपारी कमी, संध्याकाळी जास्त, आणि आतल्या खोलीत एसी लागला की आणखी चढायची. मी शास्त्रीय जास्त ऐकतो, त्याला ही घरघर फार मारक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघरीत ५० आणि तिच्या पटीतले १००, १५० असे सूर असतात. पांढरी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याची मंद्र पंचमाची तार साधारण ९८ हर्ट्झवर बोलते. म्हणजे पंचमाला लागूनच, पण किंचित चढा असा एक बेसूर सूर पूर्ण विलंबितभर चालू. कानाला तो एकदा सापडला की लक्ष तिथून हटतच नाही.

अ‍ॅम्प घेतला त्या दुकानात विचारलं, तर पॉवर कंडिशनर (वीज गाळून देणारा डबा) घ्या म्हणाले. किंमत चाळीस हजारांच्या वर. घरी येऊन काही न तपासता एवढा खर्च सांगणं मला पटलं नाही. मग एका वायरमनला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत निकाल दिला: "तिसरी पिन काढून टाका, आवाज बंद होईल." बंद होतोही. पण धातूच्या बॉडीच्या अ‍ॅम्पची अर्थ तोडली आणि आत कधी फेज (वीज आणणारी वायर) बॉडीला टेकला, तर पहिला हात लावणाऱ्यालाच शॉक. हा सल्ला आजही सर्रास दिला जातो, याचा मला मनापासून संताप येतो. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

दुसरा वायरमन वयस्कर, कामाला सावकाश, पण मल्टीमीटर घेऊन आला. त्याने नव्या लाइनबरोबर सगळ्या घरासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट भलत्या वाटेने गळला की वीज तोडणारा स्विच) बसवली. काम संपलं, अ‍ॅम्प अजून जुन्याच बोर्डवर होता, टीव्ही लावला आणि आरसीसीबी पडली. परत उचलली, परत पडली. सेट-टॉप बॉक्सची केबलची पिन काढली की मात्र टिकायची. "जुना बोर्ड खोलू," एवढंच तो म्हणाला.

बोर्ड खोलला तर सॉकेटच्या न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरीच्या) स्क्रूवरून बोटभर लांबीचा वायरीचा एक काळा तुकडा थेट अर्थच्या पिनेला मारलेला. अर्थची हिरवी वायर नव्हतीच. कोणे एके काळी कोणी तरी अर्थ मिळत नाही म्हणून न्यूट्रललाच लूप मारून मोकळा झाला होता. माझ्या अ‍ॅम्पची बॉडी इतकी वर्षं न्यूट्रलला बांधलेली होती. ती न्यूट्रल कुठे तुटली असती, तर अ‍ॅम्प चालू असताना त्याच बॉडीवर २३० व्होल्ट आले असते.

घरघरीचा उलगडाही तिथेच झाला. घरात लोड वाढला की न्यूट्रल जमिनीपेक्षा एक-दोन व्होल्ट वर जाते. केबलवाल्याच्या वायरीची जाळी (आतलं धातूचं आवरण) गच्चीवर लोखंडी पाइपला टेकलेली. मग न्यूट्रल, अ‍ॅम्पची बॉडी, अ‍ॅम्पला जोडलेल्या आरसीए ऑडिओ वायरीची जाळी, सेट-टॉप बॉक्स, गच्ची असा करंटला रस्ता मिळाला. तोच करंट गाण्यात घरघर होऊन येत होता. एसी लागला की चढायची ती याचमुळे.

तुम्हीही हे मीटरवर पाहू शकता, फक्त मीटर वापरायची सवय असेल तरच, नाही तर वायरमनकडून. मीटर एसी व्होल्टवर (अल्टरनेटिंग करंट) ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट मोजायचे. त्याच बोर्डवर इस्त्री लावल्यावर एखाद-दोन व्होल्ट दिसले तर ते नेहमीचं आहे. लोड असूनही शून्यच दिसलं तर लोक खूश होतात. मला तर शून्य दिसलं की आधी न्यूट्रलवरून मारलेल्या लूपचाच संशय येतो.

खाली मीटर रूममध्ये अर्थिंगची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी गंजून अर्थिंगच्या खड्ड्यापाशीच तुटली होती. सोसायटीने नवा खड्डा केला, त्यात माझा वाटा आला साडेतीन हजार. वर येणारी हिरवी वायर माझ्या खर्चाने. दुकानदाराचा आणखी एक सल्ला होता, ऑडिओसाठी अर्थचा वेगळा रॉड जमिनीत ठोका. तो मानला नाही. एकाच घरात एकमेकांना न जोडलेल्या दोन अर्थ ठेवल्या तर त्यांच्यात व्होल्टेजचा फरक राहतो. त्याने घरघर आणणारे करंटचे रस्ते वाढतात, आणि विजा कडाडतात तेव्हा हाच फरक जीवघेणा होतो.

आता जाड वायरीबद्दल. पहिले काही आठवडे मी सगळ्यांना सांगत होतो, चार स्क्वेअर टाका, बास सुधारतो. आज तसं सांगणार नाही. अर्थ नीट झाल्यावर जुन्या बोर्डवरही खरी अर्थ पोचवली आणि अ‍ॅम्प मुद्दाम तिथे लावून ऐकला. तितकाच शांत, बासही तसाच. हिशेब सोपा आहे: १५ मीटर अंतरासाठी दीड स्क्वेअरची जाऊन-येऊन वायर साधारण ०.४ ओहम, घरगुती आवाजात अ‍ॅम्प घेतो जेमतेम एक-दोन अँपिअर, म्हणजे पडतो एखादा व्होल्टही नाही. महावितरणचं व्होल्टेज आमच्याकडे दिवसभरात त्याच्या कितीतरी पट वरखाली होतं. तरी लाइन टाकल्याचं वाईट वाटत नाही. जुन्या बारीक वायरीपेक्षा ती सुरक्षित आहे, आणि टीव्ही, अ‍ॅम्प, डॅक (डिजिटल गाणं अ‍ॅम्पजोगं करणारा डबा) सगळं एकाच बोर्डवर, एकाच अर्थवर आलं. पण घरघरीसाठीच खर्च करणार असाल तर आधी अर्थ तपासा. वायरीचे पैसे बहुधा वाचतील.

मे महिन्यात अर्थ टेस्टर लावून घेतला. काम झालं तेव्हा दोन ओहमच्या आसपास असलेला अर्थच्या रोधाचा आकडा चारच्या जवळ गेला होता. माती सुकली की असं होतंच. खड्ड्यात पाणी घातल्यावर उतरला. घरघर त्या काळातही परतली नाही.

एक गोष्ट सुटली नाही. कधी कधी अ‍ॅम्पचा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतो, स्पीकरमधून नाही, डब्यातूनच. घरातला हेअर ड्रायर कमी सेटिंगवर चालला की हे हमखास होतं. त्या सेटिंगला डायोड अर्धीच लाट घेतो आणि लाइनवर थोडा डीसी (एकाच दिशेचा करंट) येतो. अर्थिंगने हे जात नाही, त्याला डीसी ब्लॉकर (हा डीसी अडवणारं सर्किट) लागतो.

ते काम मागे ठेवलंय, कारण परवा बाथरूममधल्या गिझरचा पॉइंट खोलून पाहिला आणि तिथेही तसाच काळा तुकडा निघाला. गिझर बंद केलाय, अंघोळीचं पाणी सध्या गॅसवर तापतंय. वायरमन रविवारी येतोय. घरातले उरलेले सगळे बोर्ड त्याच्याकडून खोलून घेणार, आणि कंडिशनरसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिथे जातील.