पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बधिर करणारे औषध: छेदात, पोटात की मज्जातंतूंजवळ?

दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर पोटावर तीन-चार लहान छेदच दिसतात, त्यामुळे फारसे दुखणार नाही असा समज होतो. प्रत्यक्षात पहिल्या 24 तासांत बरेच दुखू शकते, आणि तेही एकाच जागी नव्हे. छेद दुखतात, यकृताखालची पित्ताशयाची जागा आतून दुखते, शिवाय पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटलाचा दाह होऊन खांदा ठणकतो, कारण दोन्हींच्या संवेदना मानेतील त्याच मज्जारज्जूभागाकडे जातात.

छेदांच्या कडांत बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध टोचणे हा सर्वांत सोपा पर्याय आहे. त्याला वेगळे उपकरण लागत नाही, काही मिनिटांत काम होते आणि पहिले काही तास छेदांची वेदना कमी राहते. खांद्याला मात्र त्याचा उपयोग नाही. तेच औषध यकृताखाली आणि श्वासपटलाखाली शिंपडले, तर आतल्या वेदनेपर्यंत पोहोचते. दोन्ही पद्धतींवरील 2014च्या कॉक्रेन आढाव्यांत (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासांत) वेदना दहापैकी सुमारे एका अंकाने कमी झालेली आढळली. हा फरक लहान आहे, आणि तो रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवा असे मला मनापासून वाटते.

सोनोग्राफीच्या मदतीने पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये, तिथल्या मज्जातंतूंजवळ औषध सोडण्याच्या पद्धतीला भूलतज्ज्ञाचे कौशल्य आणि जास्त वेळ लागतो, आणि तीही प्रामुख्याने पोटाच्या भिंतीचीच वेदना शमवते.

माझा कल छेदांत टोचण्याकडे आहे, पण पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणाऱ्या वेदनाशामकांच्या जोडीनेच. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर काम करणाऱ्या प्रॉस्पेक्ट या तज्ज्ञगटाच्या 2018च्या शिफारशीही याच होत्या. ही मूलभूत औषधे देता येत नसतील तरच उरलेल्या दोन पद्धतींकडे वळावे, असे त्यांत म्हटले होते. मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरव्रण असलेल्या रुग्णाला सूज कमी करणारी वेदनाशामके सहसा देता येत नाहीत, त्यामुळे त्याच्यासाठी हा अपवाद खरा ठरतो, म्हणून असा आजार भूलतज्ज्ञाला शस्त्रक्रियेआधीच सांगावा.

दोन जागी औषध द्यायचे ठरल्यास मात्रेचा हिशोब एकत्रच करावा लागतो. बुपिव्हाकेनसाठी सर्वसाधारणपणे प्रतिकिलो 2 मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात, म्हणजे 50 किलोच्या व्यक्तीला एकूण 100 मिलिग्रॅम. मात्रा ओलांडल्यास ओठ बधिर होणे, कानात आवाज येणे, झटके आणि हृदयाचे ठोके बिघडणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. खांदेदुखीसाठी गॅसचा दाब कमी ठेवणे आणि शेवटी गॅस नीट काढून टाकणे अधिक उपयोगी पडते. शल्यविशारदांना त्याबद्दल अवश्य विचारावे.