परगावच्या मॅचची तिकिटं : आम्ही बोल्डरला कसे फसलो

९ सप्टेंबर २०२३, शनिवार, सकाळचे सव्वानऊ. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी फॉल्सम फील्ड स्टेडियमच्या दारात आम्ही चौघं उभे होतो. मी, बायको, नेब्रास्का राज्यातल्या लिंकनच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा, आणि कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे वडील, आबा. चौघांच्याही अंगात नेब्रास्काच्या फुटबॉल संघाचे लाल शर्ट. दारावरच्या मुलीनं माझ्या फोनवर यंत्र धरलं. एक जाडसर आवाज आला आणि दिवा लाल झाला. तिनं माझ्या फोनची काच आपल्या बाहीनं पुसली, उजेड वाढवायला सांगितला, पुन्हा यंत्र धरलं. पुन्हा लाल. मग तिनं पडद्याकडे नीट पाहिलं आणि मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "सर, हा स्क्रीनशॉट आहे का?"

त्या चार तिकिटांचे हजार डॉलर मी सहा दिवस आधी मोजले होते.

हे सगळं लिहायचं कारण असं की अमेरिकेत कॉलेज फुटबॉल मनापासून बघणारी मराठी घरं आता कमी नाहीत. मुलं त्या त्या विद्यापीठात जातात, त्यांच्याबरोबर आईबापही त्या रंगाचे होऊन जातात, आणि शरद ऋतूत कधी ना कधी परगावच्या मॅचला जायचं ठरतं. फसवणारा नेमका तिथेच टपून बसलेला असतो.

नेब्रास्कात राहिल्याशिवाय हे वेड कळत नाही. या राज्यात मोठा व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचा संघ. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमवरची एकही मॅच १९६२ पासून तिकिटं शिल्लक राहून झालेली नाही. मॅचच्या दिवशी ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातलं तिसरं मोठं शहर म्हणजे ते स्टेडियमच, असं इथे म्हणतात. घरच्या मैदानावर बसायला जागा नाही, म्हणून माणसं परगावच्या मॅचला निघतात. आमच्या गल्लीतले एक आजोबा २००० साली इंडियानात नोत्र दामच्या मैदानावर गेले होते. त्या दिवशी यजमानांच्या स्टेडियममध्ये लाल शर्टांचे थवेच्या थवे बसले होते, आणि नेब्रास्कानं जादा वेळेत २७-२४ अशी मॅच काढली. हे सांगताना त्यांचा आवाज आजही भरून येतो. २०१९ मध्ये याच बोल्डरला कोलोरॅडो विद्यापीठाच्या स्टेडियमचा केवढा तरी भाग लाल होता. मध्यंतरापर्यंत १७-० अशी आघाडी असताना नेब्रास्का जादा वेळेत ३४-३१ हरली, पण टीव्हीवर बघणाऱ्याला मॅच कुणाच्या गावात चाललीय हे कळत नव्हतं.

आता ही लाल माणसं आत शिरतात कशी, हे समजून घ्या, कारण फसवणुकीचं मूळ तिथे आहे. पाहुण्या संघाला यजमान विद्यापीठ ठरावीक थोडीशी तिकिटं देतं. ती संघाला मोठ्या देणग्या देणाऱ्यांत आणि जुन्या सीझन तिकीटवाल्यांत, म्हणजे मोसमभराची तिकिटं एकदम घेणाऱ्यांत, संपतात. उरलेले हजारो लोक तिकिटं घेतात ती यजमानांच्याच सीझन तिकीटवाल्यांकडून. म्हणजे समोरच्याच माणसाकडून. यात बेकायदेशीर काही नाही. पण यजमान विद्यापीठाला ते आवडत नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला तर मुळीच आवडत नाही. म्हणून विकणारा गुपचूप विकतो, घेणारा गुपचूप घेतो, आणि ही कुजबुज दोघांनाही स्वाभाविक वाटते. मला ज्यानं लुटलं त्यानं या कुजबुजीचाच आडोसा घेतला.

आबांमुळे जायचं ठरलं. आबा शिवाजी पेठेतले. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच म्हटली की जेवण सोडून धावणारे. इथला फुटबॉल हातात धरून पळायचा, हे त्यांना पहिल्या दिवशी पटेना. पण ३० ऑगस्टला आम्ही त्यांना लिंकनला मुलींच्या व्हॉलीबॉलच्या मॅचला नेलं. फुटबॉलच्या मैदानात व्हॉलीबॉलचं कोर्ट मांडलेलं आणि बघायला ९२,००३ माणसं! आबा उठून उभे राहिले ते बसेनातच. परतताना गाडीत म्हणाले, "अरे, ही माणसं दुसऱ्याच्या गावात जाऊन काय करत असतील? ते बघायला पाहिजे."

सोशल मीडियावरच्या चाहत्यांच्या एका ग्रुपवर मुलाला एक पोस्ट सापडली. बोल्डरचा सीझन तिकीटवाला, चार जागा, रांग ४१, आसन ११ ते १४, प्रत्येकी अडीचशे डॉलर. प्रोफाइलवर बोल्डरच्या मागचे ते उभे सुळके, फ्लॅटआयर्न्स, आणि काळ्या-सोनेरी जर्सीतला एक कानपाड्या तपकिरी कुत्रा. मी लिहिलं, त्यानं लगेच उत्तर दिलं. बोलणं इतकं घरगुती की काय सांगू. बहिणीचं लग्न त्याच दिवशी आहे म्हणाला. वर एक विनंती केली: "शक्य असेल तर अगदी लालेलाल होऊन येऊ नका, माझे शेजारी पंधरा वर्षं त्याच खुर्च्यांवर बसतात, मला त्यांना तोंड दाखवायचंय." या एका वाक्यानं मी त्याच्यावर विश्वास टाकला. चोर कशाला शेजाऱ्यांची लाज बाळगेल, असं मला वाटलं. आमच्या घरी त्यावर रीतसर चर्चा झाली. लाल शर्टावर काळं जाकीट घालू, असं बायकोनं सुचवलं. तोवर एक पैसाही दिलेला नव्हता.

२ सप्टेंबरला कोलोरॅडोनं टेक्सासमध्ये टीसीयूला ४५-४२ हरवलं. टीसीयू म्हणजे टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, आदल्या मोसमात राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेला संघ, आणि कोलोरॅडोनं त्या मोसमात बारापैकी एकच मॅच जिंकलेली. नवे प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांचं नाव त्या संध्याकाळी देशभर सगळ्यांच्या तोंडी होतं. बोल्डरची पुढची मॅच म्हणजे त्यांची घरच्या मैदानावरची पहिली, आणि समोर आम्ही. अधिकृत पुनर्विक्रीच्या साइटवर आकडे डोळ्यांदेखत चढत गेले. आम्हाला परवडेल असं काही उरलंच नाही.

रविवारी सकाळी त्याचा संदेश आला. "तिघं जण दुप्पट द्यायला तयार आहेत. पण शब्द तुम्हाला दिलाय. आज अर्धे पाठवलेत तर जागा तुमच्या."

मी आबांना वाचून दाखवलं. ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "लेका, ज्याच्या मालाला दुप्पट भाव आलाय आणि तरी तो जुन्या भावात देतोय, त्या माणसाला तू बघितलायस का एकदा तरी?" मी म्हणालो, आबा, इथे लोक शब्द पाळतात. हे वाक्य मला अजून टोचतं, कारण मी ते थोडं वरच्या पट्टीत बोललो होतो.

पाचशे पाठवले. पैसे पाठवायच्या अॅपमध्ये दोन पर्याय असतात: एक खरेदीचा, ज्यात वस्तू मिळाली नाही तर दाद मागता येते, आणि दुसरा घरच्या माणसांना पैसे पाठवायचा, ज्यात तशी सोय नसते. त्यानं दुसरा निवडायला सांगितलं, "फी वाचेल, ती तुम्हालाच कमी करून देतो." वीस डॉलर कमी करतो आणि ते तिकिटांचं हस्तांतर करायच्या वेळी परत देईन म्हणाला. दोन तासांनी म्हणाला की चारही तिकिटं एकाच हिशेबात असल्यामुळे पूर्ण रक्कम आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उरलेले पाचशे गेले. मग म्हणाला, विद्यापीठानं या मॅचसाठी हस्तांतर बंद ठेवलंय, तिकिटं नेब्रास्कावाल्यांच्या हाती पडू नयेत म्हणून, शुक्रवारी उघडेल. हेही मला खरं वाटलं. २०१९ चं लाल स्टेडियम बघितलेल्या कुणालाही खरं वाटलं असतं.

शुक्रवारी पहाटे ओमाहाहून निघालो. आय-८० महामार्गावर गाडी मागं गाडी, खिडक्यांना लाल झेंडे, पेट्रोलपंपावर अनोळखी लोक आबांना "गो बिग रेड" म्हणून हाक मारत होते आणि आबाही दोन्ही हात वर करून उत्तर देत होते. ओगलालाच्या आसपास फोन वाजला: चार चित्रं. रांग, आसन, खाली बारकोड. "अॅप आज अडकतंय, दारावर हेच दाखवा, चालतं." मी आभार मानले. रात्री फोर्ट मॉर्गनच्या मोटेलमधून त्याला निरोप पाठवला तो गेला नाही. नेटवर्क नसेल, असं स्वतःला सांगून झोपलो. बाकीच्यांना बोललो नाही.

दारावरून आम्हाला बाजूच्या खिडकीकडे पाठवलं. तिथे आमच्याआधी नेब्रास्कातल्याच ग्रँड आयलंडचं एक कुटुंब उभं होतं, दोन लहान मुली, गालांवर लाल एन काढलेला. त्या बापाच्या फोनवर मी पाहिलं: रांग ४१, आसन ११ ते १४. तेच चित्र. पडद्याच्या कोपऱ्यातली वेळसुद्धा तीच, १:०७. बॅटरीचा आकडाही तोच. त्यानं बाराशे दिले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही काही बोलता आलं नाही. खिडकीतल्या बाईंनी तपासून सांगितलं की त्या चार जागांचे खरे मालक केव्हाच आत जाऊन बसलेत.

दहा वाजता आत एकदम गर्जना झाली. मैदानात धावायला राल्फी सुटली असणार. राल्फी म्हणजे कोलोरॅडोच्या संघाचं शुभचिन्ह, एक जिवंत बायसन. आबा फुटपाथच्या कडेला बसले होते. पेठेतला हा माणूस, शाहू स्टेडियमबाहेर कधी असा बसला नसेल. मला म्हणाले, "जाऊ दे. आवाज तर ऐकला." त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही आणि त्यामुळेच मला तिथे उभं राहवेना.

वाहनतळात एका काळ्या-सोनेरी कुटुंबानं गाडीच्या मागे टीव्ही लावला होता. त्यांनी आबांना खुर्ची दिली. नेब्रास्का ३६-१४ हरली, ती मॅच आम्ही तिथे बसून पाहिली. त्या घरातले काका खरे सीझन तिकीटवाले. त्यांनी दोन जागा नेब्रास्काच्याच दोघांना विकल्या होत्या. त्यांनी फोन काढून दाखवलं तेव्हा मला जे आठवडाभर कळायला हवं होतं ते पाच मिनिटांत कळलं. खरं मोबाइल तिकीट म्हणजे चित्र नव्हे. ते तुमच्या स्वतःच्या खात्यात येतं, तिथे तुमचं नाव दिसतं, आणि फोनच्या वॉलेटमध्ये जाऊन बसतं. बऱ्याच ठिकाणी त्यातला बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, म्हणूनच स्क्रीनशॉट दारावर मरतो. "तिकीट पाठवलं" असा ईमेल आला तरी त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. अॅप स्वतः उघडून आत तिकीट आहे का ते बघा. नसेल तर नाही. त्या काकांनी आपले दोन घेणारे कॉफीच्या दुकानात बोलावले होते, समोरासमोर हस्तांतर केलं, त्यांच्या फोनवर तिकीट उमटल्यावर पैसे घेतले. हस्तांतर बंद वगैरे काही नव्हतं.

घरी आल्यावर बँकेनं सांगितलं की पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत, त्यामुळे परत मिळणार नाहीत. मी दोनदा अपील केलं, दोनदा तेच उत्तर. तरीही तक्रार नोंदवा, लगेच नोंदवा. मी आमच्या शहराच्या पोलिसांत, एफबीआयच्या इंटरनेट क्राइम कम्प्लेंट सेंटरकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे, अशा तिन्ही ठिकाणी केली. संभाषण, पैसे पाठवल्याच्या पावत्या, ती चार चित्रं, सगळं जपून ठेवलंय. तो माणूस नाहीसा झाल्याचं कळताच मी रागानं सगळं संभाषण पुसायला निघालो होतो. मुलानं फोन हातातून काढून घेतला म्हणून पुरावा उरला. आणि कृपा करून लाजेपोटी गप्प बसू नका. मंडळाच्या गणपतीत मी हे सांगितलं तेव्हा आणखी एका घरानं तिथेच कबूल केलं की आदल्या वर्षी आयोवाच्या मॅचला त्यांचंही असंच झालं होतं. ते आधी बोलले असते तर मी तो संदेश वेगळ्या डोळ्यांनी वाचला असता. मीही त्यांच्यासारखाच गप्प बसलो असतो, हेही खरं.

सप्टेंबरच्या अखेरीस मुलाला तो कुत्रा पुन्हा दिसला. नाव दुसरं, गाव दुसरं. ६ ऑक्टोबरला नेब्रास्काची मॅच इलिनॉयला होती. चित्रातल्या कुत्र्याच्या अंगावरची काळी-सोनेरी जर्सी संगणकावर रंगवून नारिंगी-निळी केलेली. बहिणीचं लग्न तेच होतं. मुलानं खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, दहा मिनिटांत त्याला ब्लॉक केलं गेलं, पण तेवढ्या वेळात चौघांनी वाचून व्यवहार थांबवल्याचं आम्हाला कळवलं.

२८ ऑगस्ट २०२५ ला आम्ही नेब्रास्काच्या मॅचसाठी कॅन्सस सिटीला गेलो. अॅरोहेड स्टेडियम, कागदावर सिनसिनाटीचं यजमानपद, आणि जिकडे पाहावं तिकडे आमचे लाल शर्ट. तिकिटं अधिकृत मार्गानं घेतली, महाग पडली. दारातून मी आबांना कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. तिथे पहाट होती. यंत्राचा दिवा हिरवा झाला तेव्हा ते म्हणाले, "मला आत घेऊन चल आता, सगळं दाखव."

बोल्डरच्या त्या मॅचची रांग ४१, आसन ११ ते १४ ही तिकिटं आणखी कुणाला विकली गेली असतील, किंवा तो तपकिरी कुत्रा कुठल्याही रंगाच्या जर्सीत कुणाला दिसला असेल, तर आपापल्या तक्रारीत चित्राच्या कोपऱ्यातली १:०७ ही वेळ जरूर नोंदवा. ग्रँड आयलंडच्या त्या कुटुंबानं आणि आम्ही ती नोंदवलीय. तक्रारी जुळवायला तेवढा एक धागा पोलिसांच्या हाती आहे.