ई-बर्डचे रिव्ह्यूअर : दुर्मिळ पक्ष्याची नोंद त्यांच्याकडे कशी पाठवावी

ई-बर्ड हे पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याचं ॲप. ते कसं वापरायचं यावर मी लिहिणार नाही. चेकलिस्ट, म्हणजे त्या फेरीत दिसलेल्या पक्ष्यांची यादी, सुरू करणं, ट्रॅक चालू ठेवणं, आकडे भरणं हे कुणालाही लवकर जमतं. मला सांगायचंय ते ॲपच्या मागे बसलेल्या माणसांबद्दल. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये ई-बर्ड सुरू केलं, आणि भारतातलं त्याचं काम बर्ड काउंट इंडिया पाहते. पण आपण टाकलेली अनपेक्षित नोंद तपासतात ते त्या त्या भागातले जाणकार पक्षीनिरीक्षक. त्यांना आपण रिव्ह्यूअर म्हणतो. या कामाचा एक पैसाही ते घेत नाहीत. या सेवेला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण आहेत. मात्र तिचा पुरेपूर उपयोग व्हायचा तर आपली बाजूही नीट हवी.

प्रत्येक भागासाठी, प्रत्येक महिन्यासाठी एक फिल्टर असतो : कोणता पक्षी इथे या दिवसांत अपेक्षित आहे आणि किती संख्येपर्यंत. त्यापलीकडची नोंद झाली की ॲपमध्ये पक्ष्यापुढे लाल ठिपका येतो आणि नोंद रिव्ह्यूअरच्या यादीत जाते. मी मूळची नागपूरची. तिकडे टायगा फ्लायकॅचर हा छोटा हिवाळी पाहुणा पक्षी लिहिला तर कुणी हटकत नसे. नोकरी संपल्यावर पुण्यात आले, सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत तोच पक्षी पाहिला आणि तोच लाल ठिपका समोर आला. यात अविश्वास कुठेच नाही. पुण्याकडे हिवाळ्यात त्याच्यासारखाच दिसणारा रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर नेहमीचा आणि टायगा क्वचितचा, त्यामुळे विचारणं रास्तच आहे.

हे दोघे वेगळे ओळखायचे कसे, ते थोडं सविस्तर सांगते, कारण नोंदीसोबत लिहायची टिपणी चांगली कशी असते ते यावरून कळेल. हिवाळ्यात टायगाचा नर गळ्याचा लाल रंग टाकून देतो, म्हणजे रंगावर भिस्त ठेवता येत नाही. पाहायची ती शेपटीच्या मुळावरची पिसं. टायगाची ती पिसं काळीकुळकुळीत असतात, शेपटीइतकी किंवा तिच्याहूनही काळी. रेड-ब्रेस्टेडची तपकिरीकडे झुकतात, शेपटीहून फिकी. चोचही बघावी : टायगाची जवळजवळ पूर्ण काळी, दुसऱ्याच्या खालच्या चोचीचं बूड फिकट. आवाज दोघांचाही खुळखुळ्यासारखा, पण टायगाचा जास्त भरभर आणि कोरडा. हा पक्षी शेपटी सारखी उचलतो, तेव्हा पाठमोरा बसला की आधी मागचा फोटो घ्यावा. समोरून काढलेले सुंदर फोटो इथे कामाला येत नाहीत. पाठीमागचा एक पुसटसा फोटो मात्र निकाल लावतो.

मी जागेवरच टिपणीत लिहिलं होतं : अंतर साधारण किती, ऊन कुठून, शेपटीमुळाचा रंग, चोचीचा रंग, किती वेळ दिसला, रेड-ब्रेस्टेड का नाही. रिव्ह्यूअरचं पत्र आलं, त्यात पाठीमागचा आणखी एखादा फोटो आहे का एवढंच विचारलं होतं. तो मी त्याच चेकलिस्टला जोडला आणि नोंद स्वीकारली गेली. पत्राची भाषा सभ्य, मुद्द्याला धरून. शिवाय आवाजाची रेकॉर्डिंग पुढच्या वेळी कशी ठेवावी, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

मी आयुष्यभर रुग्णालयात नर्स होते. केसपेपरवर आधी लक्षणं लिहितात, निदान मागाहून. टिपणीतही तेच करावं. ‘शंभर टक्के खात्री आहे’, ‘गाइडनं सांगितलं’, ‘मर्लिननं नाव दाखवलं’ या वाक्यांतून रिव्ह्यूअरच्या हाती काहीच लागत नाही. मर्लिननं, म्हणजे आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपनं, नाव सुचवलं असेल तर ती रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि चेकलिस्टला जोडा. पुरावा ती आहे. टिपण घरी येऊन, पुस्तक उघडून लिहू नका. पुस्तकात वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं एकमेकांत कधी मिसळतं ते आपल्यालाही कळत नाही.

लाल ठिपका संख्येसाठीही येतो. भिगवणला संध्याकाळी भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे उतरतात तेव्हा आकडा हजारांत जातो. तिथे ‘खूप होते’ लिहून भागत नाही. शंभरांचा एक गट नजरेत धरून तसे किती गट झाले, ते लिहावं. चौघांनी मिळून पाहिलं असेल तर एकच चेकलिस्ट करून शेअर करावी.

एवढी काटेकोरी कशाला, असं कुणी विचारलं की मी रानपिंगळ्याचं उदाहरण देते. १८८४ नंतर या घुबडाचा खरा नमुना कुणालाच मिळाला नव्हता. ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातमधून मिळवल्याचं सांगितलेला नमुना पुढे संग्रहालयातून चोरून नवं लेबल लावलेला निघाला. त्या खोट्या लेबलामुळे शोध भलत्याच जागी होत राहिला. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नोंद बाद धरली, खऱ्या नमुन्यांच्या जागा तपासल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. एका खोट्या नोंदीनं एवढं नुकसान केलं! आज भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे, ९४२ जातींचा. त्यात आपलीही चेकलिस्ट असते.

उत्तराला कधी वेळ लागतो. ही माणसं नोकरीधंदा सांभाळून बसतात, तेव्हा लगेच दुसरं पत्र पाठवून तगादा लावू नये. नोंद स्वीकारली नाही तरी ती तुमच्या स्वतःच्या यादीतून जात नाही, फक्त सार्वजनिक नकाशावर येत नाही. हे माहीत नसल्यामुळे चांगली माणसं रुसून बसलेली मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

या सेवेची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. फिल्टरमध्ये बसणारी नोंद सहसा कुणी तपासत नाही. पुण्यात दिसलेला टायगा तुम्ही सवयीनं रेड-ब्रेस्टेड म्हणून लिहिलात तर लाल ठिपका येणारच नाही. तिथली जबाबदारी आपलीच. पक्षी पाठमोरा झालाच नाही, आवाजही आला नाही, तर यादीत ‘टायगा / रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर’ असा जोडपर्याय असतो, तो निवडावा. ती नोंदही पूर्ण धरली जाते.