शुगर असलेल्या ज्येष्ठांसाठी: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप की फुटाळ्यावरची सोबत?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे गेला की फुटाळा तलावावरची फिरणारी मंडळी पांगते. तेव्हा ग्रुपच कामी येतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये नको, अशी आठवण तिथे मिळते. गुडघे दुखणाऱ्या आजींनाही घरबसल्या सोबत होते. पण ‘कारल्याचा रस घ्या, गोळ्या सोडा’ असले जीवघेणे निरोपही तिथेच फिरतात.

तलावावर चालणं होतं. शिवाय कुणाला अचानक घाम फुटला, हात थरथरले, म्हणजे शुगर खूप उतरल्याची लक्षणं दिसली, तर शेजारचा लगेच तीन चमचे साखर पाण्यातून देतो, १५ मिनिटांनी शुगर तपासायला लावतो. ग्रुपवर हे कोण पाहणार? एकटं राहणाऱ्यांनी म्हणूनच तलावाची सोबत आधी धरावी. डोस मात्र डॉक्टरांनाच विचारावा.