पाणकावळा आणि तिरंदाज : पाण्याखालच्या शिकारीच्या दोन रीती

बेळगाव शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोपसारख्या जलाशयांच्या काठी पाणकावळा आणि तिरंदाज हे दोघेही पंख पसरून वाळवत बसतात, म्हणून पुष्कळांना ते एकच वाटतात; पाण्याखाली मात्र त्यांची रीत अगदी निराळी असते.

पाणकावळा पाठलाग करतो. चारही बोटे पडद्याने जोडलेले पाय मागे रेटत तो माशामागे झेपावतो आणि चोचीच्या टोकाच्या आकड्यात निसटता मासा पकडतो. अनेकदा तो थव्यानेही शिकार करतो.

तिरंदाजाचे कसब मला अधिक विलक्षण वाटते. मासा टप्प्यात येईपर्यंत तो मान मुडपून संथ पोहतो. मानेच्या आठव्या मणक्यापाशी असलेल्या विशिष्ट रचनेमुळे ती मान धनुष्यातून बाण सुटावा तशी सुटते आणि भाल्यासारखी सरळ, टोकदार चोच माशाच्या कुशीत घुसते. मग पृष्ठभागावर येऊन, मानेला झटके देत तो मासा सोडवतो, हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो.

पिसे भिजत असल्यामुळे दोघांनाही बुडी मारणे सोपे जाते. तिरंदाज तर इतका खोल बुडून पोहतो की केवळ नागासारखी मानच वर दिसते. सर्पपक्षी हे त्याचे दुसरे नाव त्यावरूनच पडले.